ख्याल ऐकणाऱ्या कानाला शूबर्ट, शूमान, शोपँ: कुठून आणि कसं सुरू करावं?

मध्यलय

नमस्कार. ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकायची जुनी सवय आहे, पेटीवर पट्टी ओळखता येते, स्टाफ नोटेशन मात्र वाचता येत नाही. एकोणिसाव्या शतकातली जर्मन गाणी, पियानोच्या छोट्या रचना आणि चेंबर म्युझिक (मोजक्या वाद्यांचं संगीत) आता नीट ऐकायचं आहे.

अडचणी अशा: शूबर्टचं 'विंटरराइजे' लावलं की सात-आठ गाण्यांनंतर सगळी सारखी वाटायला लागतात. जर्मन येत नसल्यामुळे लक्ष फक्त गळ्यावर राहतं, पियानो नुसता मागे वाजत राहतो. आणि क्विंटेटमध्ये पाच वाद्यांपैकी कुणाच्या मागे जायचं तेच कळत नाही. कुठल्या रचना, कुठल्या क्रमाने आणि प्रत्येकीत नेमकं काय ऐकायचं, हे कुणी सांगेल का? इतिहास कमी असला तरी चालेल.

---

पांढरी_पाच

'विंटरराइजे' सध्या बाजूला ठेवा. 24 गाणी, सव्वा तासाच्या आसपासचा ऐवज, बहुतेक मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या), आणि बरीचशी चालण्याच्या लयीत. ती रचना फार बारीक फरकांवर उभी आहे. ते फरक टिपायला कान आधी दुसरीकडे तयार व्हावा लागतो.

सुरुवात एकाच गाण्याने करा: 'एर्लक्योनिग'. साल 1815, शूबर्ट 18 वर्षांचा, कविता ग्योथेची, लांबी चार मिनिटांच्या आसपास. रात्री बाप मुलाला कवेत धरून घोडा फेकतोय आणि मुलाला भुतांचा राजा बोलावतोय. निवेदक, बाप, मुलगा आणि राजा, चौघांनाही एकच गायक गातो.

गाणं लगेच लावू नका. आधी भाषांतर वाचा आणि आठही कडव्यांत प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा, कोण बोलतंय. मग पहिल्यांदा ऐकताना तो कागद समोर ठेवून फक्त आवाजातले बदल पाहा: बाप खालच्या सुरांत, मुलगा वरच्या, राजा गोड आणि हळू.

दुसऱ्या वेळी गायकाकडे दुर्लक्ष करून पियानो ऐका. उजव्या हातात एकच सूर सप्तकासह तिप्पट लयीत ठोकला जातो, ती घोड्याची दौड. राजा बोलायला लागला की ती ठोक सैल होते आणि मायनरचं मेजर होतं, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. मूल घाबरून ओरडलं की दौड परत कठोर. मुलाच्या तीन किंकाळ्या नीट ऐका. प्रत्येक वेळी गायकाचा सूर पियानोतल्या सुराला अर्ध्या स्वराने घासतो, म्हणूनच तिथे अंगावर काटा येतो. दुसरी किंकाळी पहिलीपेक्षा एक पूर्ण स्वर वर, तिसरी आणखी अर्धा स्वर वर. शेवटी घोडा थांबतो, पियानो गप्प होतो आणि मूल मेल्याचं वाक्य जवळजवळ बोलल्यासारखं येतं. जर्मनमध्ये 'मेलं' हा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आहे आणि शूबर्टने तो तसाच शेवटपर्यंत राखून ठेवलाय.

पियानो मागे राहतो म्हणालात, त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. ख्यालात पेटी गायकाच्या मागून जाते, त्यामुळे कान तिला दुय्यम धरतो. इथे पियानोचा प्रत्येक सूर आधीच लिहिलेला असतो आणि बरेचदा गाणाऱ्या पात्राला जे ठाऊक नाही ते पियानोला ठाऊक असतं.

यानंतर 'ग्रेटशेन आम श्पिनराडे', 1814. चरखा पियानोच्या उजव्या हातात अखंड फिरतो. मुलीला प्रियकराचं चुंबन आठवतं तिथे तो थांबतो आणि मग अडखळत पुन्हा सुरू होतो. एवढी एक जागा पकडली तरी पुरे. मग 'डी फोरेले', ट्राउट माशाचं गाणं. तीन कडवी, पहिल्या दोघांची चाल तीच. तिसऱ्यात कोळी पाणी गढूळ करतो तेव्हा पियानोतलं खळाळणं बदलतं. हे गाणं पाठ होईपर्यंत ऐका, चेंबर म्युझिककडे जायला हाच पूल आहे.

चौथा टप्पा शूमानचं 'डिख्टरलीबे', हाइनेच्या कवितांवरची 16 गाणी, साल 1840, सगळी मिळून अर्धा तास. इथे प्रत्येक गाण्याचा शेवट ऐका. पहिलं गाणं काळी तीनच्या मायनरचं, पण ते षड्जावर येतच नाही. पंचमावरच्या अस्वस्थ कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छावर) सोडून दिलंय. प्रेम व्यक्त झालंय, उत्तर आलेलं नाही. शेवटच्या गाण्यात तर गायक थांबल्यावर पियानो एकटाच बराच वेळ बोलतो, आणि बाराव्या गाण्याच्या शेवटी पियानोने म्हटलेलंच पुन्हा म्हणतो.

एक खबरदारी घ्या. ही गाणी गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलून गातात. टेनरच्या (उंच पुरुषी आवाजाच्या) आणि बॅरिटोनच्या (त्याहून खालच्या) ध्वनिमुद्रणात पट्टी वेगळी निघाली तर त्यात चूक काही नाही. मात्र पट्टी खूप उतरवली की पियानोचा डावा हात जाड आणि धूसर होतो. म्हणून पहिल्या ओळखीला 'डिख्टरलीबे' टेनरच्या आवाजात ऐका, फ्रिट्झ वुंडरलिश आणि पियानोवर हुबर्ट गीझन. शूबर्टसाठी डीट्रिश फिशर-डीस्काऊ आणि जेराल्ड मूर. भाषांतरं लीडरनेट या संकेतस्थळावर मिळतात.

---

तबकडी_आणि_तार

ऐकण्याच्या साधनांबद्दल थोडं, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. चेलोचा सर्वांत खालचा सूर साधारण 65 हर्ट्झ, डबल बासचा 41, पियानोचा 27.5. म्हणजे डावा हात आणि बास गायब आणि वर नुसती चाल उरते. मग पियानो 'मागे' वाटणारच. साधे वायरचे हेडफोनही खूप फरक पाडतात.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासा. शफल बंद. क्रॉसफेड बंद, नाहीतर 'डिख्टरलीबे'च्या पहिल्या गाण्याचा तो अधांतरी शेवट दुसऱ्या गाण्याखाली बुडतो. आणि आवाज समान करणारी सोय चालू असेल तर ती 'अल्बम'वर ठेवा किंवा बंद करा, कारण प्रत्येक ट्रॅक वेगळा समान केला की कुजबुजीचं गाणं आणि ओरडण्याचं गाणं एकाच पातळीवर येतात.

आवाजाची पातळी रचनेतल्या सर्वांत मोठ्या जागेवर ठरवा आणि मग बटणाला हात लावू नका. सुरुवातीच्या हळू सुरांवर ठरवलीत तर पुढे दचकून कमी कराल आणि नंतरचं हळू काही ऐकू येणार नाही. छताचा पंखाही बंद करा. शोपँच्या रचनांचे शेवट त्या घरघरीतच हरवतात.

शोधताना नावावर विसंबू नका. शूबर्टला 'डी' क्रमांक (त्याच्या रचनांच्या यादीतला) घाला, बाकीच्यांना ओपस क्रमांक: 'एर्लक्योनिग' डी 328, 'डी फोरेले' डी 550, 'डिख्टरलीबे' ओपस 48. शूबर्टचे ओपस क्रमांक छपाईच्या क्रमाने पडले. 'एर्लक्योनिग' ओपस 1 आहे, पण त्याआधी त्याने कितीतरी लिहिलं होतं.

---

डावा_हात

पियानोबद्दल लिहितो. शोपँच्या प्रेल्यूडपासून, म्हणजे छोट्या सुट्या रचनांपासून, सुरू करा, ओपस 28. एकूण 24, बाराही पट्ट्यांत एक मेजर एक मायनर. बऱ्याच एक-दोन मिनिटांच्या, त्यामुळे एकच रचना लागोपाठ तीनदा ऐकता येते, आणि ऐकावीच.

चौथं घ्या, पांढरी तीनचं मायनर. फक्त 25 बार (ठरावीक मात्रांचे छोटे तुकडे). उजवा हात सुरुवातीला काहीच करत नाही, पंचम आणि कोमल धैवत यांच्यातच घुटमळतो. खरी गोष्ट डाव्या हातात आहे. सारखे ठोकले जाणारे तीन-तीन सुरांचे कॉर्ड, आणि त्यातला बहुधा एकेकच सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो. म्हणजे वरचा सूर तोच, पण खालची जमीन सरकल्यामुळे त्याचा अर्थ दर वेळी बदलतो. आपल्याकडे षड्ज स्थिर आणि त्याच्या आधाराने सूर कळतो. इथे तो आधारच हलतोय. तानपुऱ्याच्या कानाने ऐकलंत तर 'हे भटकतंय' असं वाटेल. मनात षड्ज धरून ठेवायचा आग्रह सोडा आणि सर्वांत खालच्या सुराच्या मागे जा. दोन-तृतीयांशानंतर एकदाच उसळी येते, मग विझत जातं. शेवटाआधी एक लांब थांबा आहे, तिथे संपलं समजून पुढचं लावू नका. तीन कॉर्ड अजून बाकी असतात.

नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाच्या संथ रचना, नंतर. तिथे लय लवचीक असते, आणि नवा ऐकणारा ती लय ढिली समजतो. शोपँच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय की डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने मोकळं गावं, असं तो सांगे. वादक पारखायची ही चांगली कसोटी आहे. डाव्या हाताच्या मात्रा मोजा. त्या दर बारला कोलमडत असतील तर दुसरा वादक ऐका. आर्टूर रुबिनस्टाइन आणि मारिया ज्वाव पिरेश दोघांचीही नॉक्टर्न ऐकण्यासारखी आहेत. मझुर्कात (पोलिश नाचाच्या चालीवरच्या रचनांत) तीन मात्रा असतात, पण जोर बरेचदा दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. पहिली मात्राच सम मानून चाललात तर ताल सुटल्यासारखा वाटेल.

ब्राम्सची अखेरच्या काळातली इंटरमेझो (पियानोच्या छोट्या रचना), ओपस 117 आणि 118 मधली, घाईत ऐकू नका. तिथे चाल बरेचदा मधल्या सुरांत दडलेली असते, आणि वरचे सूर ऐकायची सवय मोडल्याशिवाय ती सापडत नाही.

---

मध्यलय

एवढं तपशिलाने लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. 'एर्लक्योनिग' कागद घेऊन ऐकलं, चार पात्रं खरंच वेगळी झाली. 'डी फोरेले'नंतर शूबर्टचा ट्राउट क्विंटेटही लावून पाहिला, त्याबद्दल एक शंका. पहिल्या मूव्हमेंटचा (रचनेच्या पहिल्या स्वतंत्र खंडाचा) सुरुवातीचा बराच मोठा भाग संपल्यावर जसाच्या तसा पुन्हा येतो. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात तो येत नाही आणि ते काही मिनिटांनी लहान आहे. पहिल्या फायलीत बिघाड आहे का?

---

व्हायोला

फाईल ठीक आहे. त्या काळी पहिल्या मूव्हमेंटचा पहिला भाग पुन्हा वाजवायची खूण लिहीत. काही वादक ती पाळतात, काही गाळतात. पहिल्या ओळखीला पाळणारं ध्वनिमुद्रण घ्या, कारण दुसऱ्यांदा तेच ऐकताना दोन्ही मुख्य कल्पना डोक्यात बसतात आणि मग मधल्या भागात त्यांची मोडतोड कळते.

पण ट्राउट पहिल्या मूव्हमेंटपासून ऐकायचाच नाही. थेट चौथी लावा. क्विंटेट 1819 चा, डी 667. श्टायर गावचे हौशी चेलोवादक पाउमगार्टनर यांना 'डी फोरेले' फार आवडायचं, आणि त्या गाण्यावरचे बदल (व्हेरिएशन, म्हणजे तीच चाल वेगवेगळ्या रूपांत) यात हवेत ही त्यांचीच मागणी. वाद्यंही नेहमीची नाहीत: पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. दुसरं व्हायोलिन नाही. खाली बास असल्यामुळे चेलो मोकळा होऊन गातो.

'कुणाच्या मागे जायचं' याचं उत्तर इथे फार सरळ आहे: चाल ज्याच्याकडे असेल त्याच्या मागे. गाणं मुळात काळी एकचं, इथे ते पांढरी दोनवर आहे. आधी फक्त तंतुवाद्यं चाल सांगतात, पियानो गप्प. पहिल्या बदलात पियानो ती उचलतो. दुसऱ्यात चाल व्हायोलाकडे, वर व्हायोलिन नक्षी काढतं. नवे लोक त्या नक्षीच्या मागे जातात आणि चाल हरवतात, म्हणून इथे कान मुद्दाम मध्यात ठेवा. तिसऱ्यात चाल तळाला, चेलो आणि बासकडे, आणि पियानो वर सुसाट धावतो. हा बदल फोनच्या स्पीकरवर निव्वळ धावपळ वाटतो, कारण चालच ऐकू येत नाही. चौथा मायनरमध्ये, सगळे मिळून गडगडाट करतात. आवाजाची पातळी इथे ठरवा. पाचवा चेलोचा, सगळ्यांत मायाळू. आणि शेवटी, मूळ गाण्यात पियानो जे खळाळत होता तेच खळाळणं जसंच्या तसं परत येतं. इतका वेळ शूबर्टने ते राखून ठेवलेलं असतं. 'डी फोरेले' पाठ करा असं वर सांगितलंय ते या क्षणासाठी.

हे जमलं की शूमानचा पियानो क्विंटेट, ओपस 44, साल 1842. दुसऱ्या मूव्हमेंटमधली अडखळती शोकयात्रा लक्षात ठेवायला सोपी आहे. शेवटच्या मूव्हमेंटच्या अखेरीस पहिल्या मूव्हमेंटची अगदी सुरुवातीची चाल परत येते आणि शेवटच्या चालीबरोबर गुंफली जाते. ती ओळखू यावी म्हणून पहिली मूव्हमेंट त्याच बैठकीत ऐकलेली हवी. मग ब्राम्सचा क्लॅरिनेट क्विंटेट, ओपस 115, 1891. संथ मूव्हमेंटच्या मधल्या भागात क्लॅरिनेट मोकळ्या लयीत वर-खाली फिरतं. आलापाची सवय असलेल्याला ते लगेच भिडतं.

आणि 'विंटरराइजे'कडे परत जाल तेव्हा सहा-सहा गाण्यांचे तुकडे करा. पाचवं, 'डेर लिंडेनबाउम', आणि शेवटचं, 'डेर लायरमान', आधी सुटी ऐका. लायरमानमध्ये डाव्या हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत षड्ज-पंचमाचा एकच ठेका आहे. इतका वेळ हलणारी जमीन ऐकल्यावर ती न हलणं किती भयाण आहे ते कळेल.

---

पांढरी_पाच

व्हायोलाच्या क्रमाशी पूर्ण सहमत, एक भर. नोटेशन येत नसलं तरी आयएमएसएलपी या नोटेशनच्या संकेतस्थळावरून 'डी फोरेले'चं पान उतरवून घ्या. ते मोफत आहे. वरची ओळ गायकाची, खालच्या दोन पियानोच्या. सूर वाचता आले नाहीत तरी खळाळणं उजव्या हातात आहे आणि तिसऱ्या कडव्यात चित्र बदलतं, हे नुसतं डोळ्यांनी दिसतं. क्विंटेटचं पान मात्र सध्या उघडू नका. डोळे ओळी शोधत बसतात आणि कान थांबतो.

---

डावा_हात

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात किंवा पुण्यात असा कार्यक्रम असेल तर प्रत्यक्ष ऐका. गाण्यांच्या मालिकेत प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या नाहीत, आणि मध्येच 'वाह'ही नाही. क्विंटेटमध्ये मूव्हमेंटच्या मधल्या थांब्यात गप्प राहायचं. शेवटी गायक थांबल्यावर टाळीची घाई करू नका, पियानोवादकाचे हात खाली येऊ द्या. 'डिख्टरलीबे'त तर गायक गप्प झाल्यावर बरंच संगीत उरलेलं असतं. उशिरा पोहोचलात तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागू शकतं. कवितांची भाषांतरं घरून छापून न्या, पण दोन्ही बाजूंनी भरगच्च नको: गाण्याच्या मधोमध सगळ्या सभागृहाने एकदम पान उलटलं की तो आवाज पियानोच्या वर जातो. जागा निवडता आली तर मंचाकडे तोंड केल्यावर मध्यापासून थोडी डावीकडची घ्या, तिथून पियानोवादकाचे हात दिसतात.