मदत हवी आहे : ग्रुप टू इंट्रॉनने जनुक निकामी करताना मिश्र वसाहती येतात

नमस्कार. नाशिकमधील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही ई. कोलाय या जिवाणूमधील लॅकझेड जनुक निकामी करण्याचा प्रयोग लावला असून, त्यासाठी लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूमधील एलएल.एलटीआरबी हा ग्रुप टू इंट्रॉन (आरएनएच्या रूपातून डीएनएमध्ये स्वतःला घुसवू शकणारा जनुकीय तुकडा) वापरत आहोत. बहुतेक ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) जवळजवळ कुठेही जाऊन बसतात. या इंट्रॉनच्या आरएनएचे ठरावीक छोटे भाग मात्र लक्ष्य डीएनएशी जुळावे लागतात, त्यामुळे तेवढे भाग बदलले की जागा आपल्याला निवडता येते, आणि विद्यार्थ्यांना नेमके हेच दाखवायचे आहे.

अडचण अशी की एक्स-गॅलच्या (लॅकझेड शाबूत असेल तर वसाहत निळी, निकामी असेल तर पांढरी ठेवणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर निखळ पांढऱ्या वसाहती थोड्याच येतात. बऱ्याच पांढऱ्या वसाहतींत निळी पाचर दिसते, आणि त्यांच्या पीसीआरमध्ये मूळ जनुकाची व इंट्रॉनमुळे लांबलेल्या जनुकाची अशा दोन्ही पट्ट्या उमटतात. अशा वसाहती पुन्हा स्ट्रीक करून वेगळ्या करणे पुरेसे ठरेल, की इंडक्शन (पेशीत इंट्रॉनची निर्मिती सुरू करण्याची पायरी) 37 ऐवजी 30 अंशांवर करून पाहावे? कॅनामायसिन मार्करचा (या प्रतिजैविकात तगणाऱ्या पेशीच निवडण्याचा) मार्ग आहेच, परंतु पांढऱ्या-निळ्या रंगातली गंमत त्यात हरवते. तसेच इंट्रॉनला डीएनएत शिरायला मदत करणारे एलटीआरए प्रथिन पुरवणारा प्लाझमिड (पेशीतील वेगळे, वर्तुळाकार डीएनए) नंतर काढून टाकण्याची खात्रीची पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर कळवावे.