सदर्न बॅप्टिस्ट वाद: १९७९ पासून नेमकं काय घडलं?

नवविश्वासी:
अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट ख्रिस्ती मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) संघटनेतला वाद समजून घ्यायचा आहे. एक बाजू म्हणते शास्त्र वाचवलं, दुसरी म्हणते संस्था बळकावली. बॅप्टिस्ट मंडळ्या तर स्वतंत्र असतात, मग एका अध्यक्षाच्या निवडणुकीने सेमिनऱ्या (पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्था) कशा बदलल्या? आजचा स्त्री-पाळकांचा प्रश्नही त्यातूनच आला का?

शास्त्रवाचक:
भाषणं नंतर ऐका, आधी नेमणुकांची साखळी समजून घ्या. अध्यक्ष एक समिती नेमतो, ती नामांकन समितीसाठी नावं सुचवते आणि नामांकन समिती सेमिनऱ्या व मिशन बोर्डांचे विश्वस्त सुचवते. अखेरचं मत मंडळ्यांच्या प्रतिनिधींचं, म्हणजे मेसेंजरांचं. अध्यक्षाची मुदत एकच वर्ष, आणि विश्वस्तही दरवर्षी थोडेच बदलतात. त्यामुळे एक निवडणूक जिंकून भागत नाही, सुमारे दहा वर्षं सलग जिंकावं लागतं. ह्यूस्टनचे न्यायाधीश पॉल प्रेसलर आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक पेज पॅटरसन या परंपरावादी गटाच्या दोघांनी नेमकं हेच हेरलं. १९७९ मध्ये त्यांच्या बाजूचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि पुढे दरवेळी त्याच बाजूचा उमेदवार आला. १९८५ ला डॅलसमध्ये ४५ हजारांवर मेसेंजर जमले, यावरून चुरस कळेल. १९९० ला न्यू ऑर्लिन्समध्ये मवाळ गटाचे उमेदवार डॅनियल व्हेस्टल हरले आणि १९९१ मध्ये त्या गटाने कोऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप ही वेगळी संघटना काढली. १९९४ मध्ये साउथवेस्टर्न सेमिनरीच्या विश्वस्तांनी अध्यक्ष रसेल डिल्डे यांना काढलं, तेव्हा त्यांच्या कार्यालयाची कुलुपंसुद्धा बदलली होती.

पानोपानी:
'बॅप्टिस्ट फेथ अँड मेसेज' या कन्व्हेन्शनच्या विश्वासपत्राचा १९६३ आणि २००० चा मसुदा शेजारी ठेवून वाचा. पहिल्याच कलमात १९६३ चा मसुदा पवित्र शास्त्राला देवाच्या प्रकटीकरणाची 'नोंद' म्हणतो. २००० मध्ये 'नोंद' गेली, शास्त्र हेच प्रकटीकरण झालं. शास्त्राचा अर्थ लावण्याची कसोटी येशू ख्रिस्त, हे वाक्यही गेलं. पाळकपद पुरुषांपुरतं, ही ओळ २००० मध्येच आली. म्हणजे हो, आजचा प्रश्न त्यातूनच येतो.

बातम्या वाचताना प्रकाशक कोण ते बघा. बॅप्टिस्ट प्रेस ही कन्व्हेन्शनचीच वृत्तसंस्था. १९९० मध्ये तिच्या दोन संपादकांना काढल्यावर स्वतंत्र असोसिएटेड बॅप्टिस्ट प्रेस सुरू झाली, आता तिचं नाव बॅप्टिस्ट न्यूज ग्लोबल. दोन्ही वाचा. 'पुनरुत्थान' की 'कब्जा', या शब्दावरूनच लेखकाची बाजू कळते. आणि मवाळ गटाला सरसकट उदारमतवादी समजू नका. त्यातले बरेच जण शास्त्राला पूर्ण मान देणारे होते.

मंडळीसेवक:
स्वायत्ततेबद्दल: कन्व्हेन्शन कुणाला पाळक नेमू शकत नाही, काढूही शकत नाही. मंडळीशी सहकार्य थांबवणं एवढंच तिच्या हाती. २०२३ मध्ये स्त्री-पाळक असलेल्या सॅडलबॅक मंडळीच्या बाबतीत तेच झालं. फक्त पुरुष पाळक असलेल्या मंडळ्याच सहकारी, ही घटनादुरुस्ती मात्र २०२४ ला इंडियानापोलिसमध्ये अडली. दोन-तृतीयांश मतं हवी होती, साधारण ६१ टक्केच पडली.

लैंगिक अत्याचारांचा विषय वगळून हा इतिहास वाचू नका, तो पीडितांवर अन्याय होईल. 'मंडळ्या स्वतंत्र, आम्ही आरोपींची यादी ठेवू शकत नाही' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ च्या चौकशी अहवालातून कळलं की कन्व्हेन्शनच्या कार्यकारी समितीच्या कचेरीत आरोपी सेवकांची यादी आधीपासूनच ठेवली जात होती.