आधी संडासाचं दार मोजा
वडिलांसाठी कोणती व्हीलचेअर घ्यावी, या प्रश्नावर सगळे किंमत आणि कंपनीच सांगताहेत. त्याआधी टेप घेऊन संडासाचं दार मोजा! १८ इंची सीटची, मोठ्या चाकांची खुर्ची बाहेरून साधारण २५ इंच भरते. आमचं दार २४. आईला रोज दाराशी उतरवावं लागायचं.

वडील स्वतः चाकं फिरवणार नसतील, कायम कुणीतरी ढकलणार असेल, तर लहान चाकांची बघा. अरुंद असते, हलकीही. हाताचे कठडे मात्र निघणारेच हवेत. पलंगावरून सरकून बसता येतं, उचलणाऱ्याची कंबर वाचते (माझी वाचली नाही). सीट त्यांच्या मापापेक्षा इंचभरच रुंद घ्या, सैल झाली की माणूस एका बाजूला कलतो. दिवसभर बसणार असतील तर चांगली उशी लागेलच, नुसत्या रेक्झिनवर जखमा होतात. महिना-दोन महिन्यांपुरतीच हवी असेल तर सरळ भाड्याने आणा.