पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढा: सोसायटीच्या ग्रुपवरली चर्चा

सेक्रेटरी: दसरा-दिवाळीच्या सेलच्या लिंका पडायला लागल्यात. काल पार्किंगमध्ये निघालेला विषय इथं घेऊ. पगार महिनाभर टिकवायचा कसा? ज्यांना नेमकं माहिती आहे त्यांनी लिहा. गुड मॉर्निंगचे फोटो आज बंद.

बी-२०३ काका: सुरुवात खात्यापासून करा, मन मारायचं नंतर बघू. पगार पडतो तेच खातं यूपीआयला जोडलेलं असेल, तर चहाच्या टपरीपासून लातूरच्या गंजगोलाई बाजारापर्यंत माणूस अख्खा पगार खिशात घेऊन फिरतो. दुसरं खातं उघडा, किमान शिल्लक ठेवावी लागत नाही असं. पोस्टाच्या पेमेंट बँकेतही चालतं. यूपीआय फक्त त्यालाच जोडा आणि दर सोमवारी पगाराच्या खात्यातून ठरलेली रक्कम त्यात जाऊ द्या. नेटबँकिंगमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे रक्कम आपोआप वळती करायची कायमची सूचना, लावता येते, आठवड्याची.

ए-१०१ ताई: सोमवारच का काका? बाजार तर रविवारी करतो आपण.

बी-२०३ काका: म्हणूनच. शनिवारी भरलं तर दोन दिवसांत निम्मं जातं आणि गुरुवारी पुन्हा पगाराच्या खात्याकडं हात जातो. सोमवारी भरलेलं असलं की रविवारी जे उरलंय त्यातच बाजार होतो.

ए-३०४ सर: रक्कम काढताना बहुतेकांचं एक चुकतं. किराणा, भाजी, दूध, पेट्रोल मिळून महिन्याला १२,००० धरले की ४ ने भागून ३,००० लावतात. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. ज्या महिन्यात पाच सोमवार येतात तिथं ३,००० जादा जातात आणि लोक म्हणतात, हिशोबच बसत नाही. १२,००० गुणिले १२, भागिले ५२. उत्तर २,७६९. म्हणजे २,७७० लावा. घरभाडं, शाळेची किंवा क्लासची फी यात धरू नका, ती पगाराच्या खात्यातूनच जाऊ द्या.

डी-४०२ दादा: पगाराचं खातं अ‍ॅपमधून काढायच्या आधी ऑटोपेची, म्हणजे आपोआप कटणाऱ्या हप्त्यांची, यादी बघा. अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर गेलं की ऑटोपे किंवा मॅन्डेट असं दिसतं. न बघितलेले ओटीटी, मोफत महिन्यासाठी सुरू केलेलं कुठलं तरी अ‍ॅप, सगळं तिथं सापडतं. १५,००० पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन किंवा ओटीपी विचारत नाहीत. फक्त २४ तास आधी मेसेज येतो, तो कुणी वाचत नाही. नको ते रद्द करा. विमा, एसआयपी, लाइट बिल ऑटोपेवर असेल तर आधी बँकेच्या मॅन्डेटवर, म्हणजे यूपीआयऐवजी थेट बँकेतून कापायच्या परवानगीवर, घ्या आणि एक हप्ता तिकडून गेलेला बघूनच खातं अ‍ॅपमधून काढा. घाई केली की हप्ता परत जातो, बँक दंड लावते, वर जीएसटी.

डी-४०२ दादा: आणखी एक, यूपीआय लाइट, म्हणजे अ‍ॅपमधलं छोटं पाकीट, बंद करा. एका वेळी १,००० पर्यंत बिनपिनचं जातं. त्यातले छोटे खर्च पासबुकात एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे टाकल्याची एक ओळ दिसते. ऑटो टॉपअप चालू असेल तर विचारूच नका. हिशोबातली सगळ्यात मोठी गळती इथंच असते.

ए-१०१ ताई: मोबाइल घ्यायचा आहे पोराला, २४,००० चा. नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज शून्य. तो तरी चालेल की?

ए-३०४ सर: शून्य नसतं ताई. व्याज लागतंच, तेवढी सवलत किमतीत आधी दाखवतात. ४,००० चे ६ हप्ते, दर १६ टक्के धरला तर त्यात व्याज साधारण १,०८० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १९५. प्रोसेसिंग फी समजा १९९, तिच्यावरही जीएसटी, झाले २३५. मिळून ४३० रुपये जादा जातात. शिवाय रोख घेणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो ती गेली ती वेगळीच. दुकानात दोन्ही भाव विचारा, रोखीचा आणि हप्त्याचा. फरक तिथंच कळतो.

बी-२०३ काका: क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम भरून बाकी पुढं ढकलणं, त्याहून वाईट. २०,००० चं बिल, ५ टक्के म्हणजे १,००० भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ व्याज, जीएसटी १२० धरून ७८५. भरलेल्या हजारातले सव्वादोनशेसुद्धा मुद्दलात गेले नाहीत. आणि बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत, हे कुणाला माहीतच नसतं.

सी-१०२ भाभी: सेलमध्ये तेलाचं बघा. १ लीटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम असतं. १५ लीटरचा डबा म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. शेजारी १५ किलोचा डबा ठेवलेला असतो आणि आपण नुसता आकडा वाचतो. सव्वा किलोहून जास्त फरक आहे. भाव किलोवर काढून मगच ऑफर म्हणा. आणि यादी करताना वस्तूच्या पुढं वजन लिहा. नुसतं "तूरडाळ" लिहिलं की दोनाच्या जागी पाच किलो येते, मग पावसाळ्यात किडे निवडत बसा.

ए-१०१ ताई: 😄 आणि यादीत नसलेलं आवडलं तर?

सी-१०२ भाभी: फ्रिजवर कागद लावायचा. वस्तू, किंमत, आजची तारीख. १,००० च्या वरचं काहीही तीन दिवस तिथंच राहू द्यायचं. अ‍ॅपच्या कार्टमध्ये ठेवू नका, ते "संपत आलं" म्हणून रोज मेसेज करून टोचत राहतात. अ‍ॅपचे नोटिफिकेशन बंद, साठवलेलं कार्ड काढून टाका. सोळा आकडे उठून शोधायला लागले की निम्मी खरेदी तिथंच थांबते.

सेक्रेटरी: दसऱ्याच्या सोन्याचं काय? ती तर बचतच झाली ना.

ए-३०४ सर: दागिना ही हौस आहे, करा, पण बचतीच्या रकान्यात लिहू नका. १०० रुपयांच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ११५ रुपये ३६ पैसे. मोडताना हे वरचे १५ मिळत नाहीत. नाण्याला घडणावळ कमी पडते.

डी-४०२ दादा: गावाकडं सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आली की बुलेटच्या शोरूमला गर्दी करायलेत लोक 😅

बी-२०३ काका: त्यात खरा तोटा पीक कर्जाचा होतो. मुदतीत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. गाडीत पैसे घातले, मुदत चुकली, की ती सवलत गेली. पट्टी आली त्याच दिवशी कर्जाची रक्कम आणि रब्बीचं बी-खत बाजूला काढा, उरलेल्याला पुढचा माल येईपर्यंतच्या महिन्यांनी भागा.

ए-१०१ ताई: बरं, उरलेलं ठेवायचं कुठं? पोस्टाची आरडी, दर महिन्याला हप्ता भरायची ठेव, बरी का?

बी-२०३ काका: हो, पण अडीनडीचा पैसा तिच्यात घालू नका. सध्या ६.७ टक्के. उघडताना जो दर असेल तोच पाचही वर्षं. महिना २,००० भरले तर शेवटी सुमारे १,४२,७०० मिळतात. पण तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. नंतर मुदतीआधी बंद केली तर बचत खात्याचाच दर, ४ टक्के. १५ तारखेपर्यंत उघडली तर दर महिन्याचा हप्ता १५ च्या आत, नंतर उघडली तर महिनाअखेरपर्यंत. चुकला की १०० ला १ रुपया दंड, चार चुकले की खातं बंद पडतं. दोन-तीन महिन्यांचा खर्च आधी बँकेच्या साध्या एफडीत ठेवा आणि मग आरडी काढा. एजंटाला आपण काही द्यायचं नसतं, त्याचं कमिशन सरकार देतं. पासबुकात नोंद मात्र स्वतः बघा.

सी-१०२ भाभी: माझ्या ओळखीच्या दुकानदार बायका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची ठेव, भरतात. रोज माणूस दारात येतो म्हणून पैसे बाजूला पडतात, नाहीतर पडत नाहीत.

बी-२०३ काका: सवय चांगली, जागा बघा. ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकांना असतं, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेला नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. एक-दीड टक्का जास्त कशासाठी मिळायलाय ते विचारा. पिग्मी चालू ठेवायची असेल तर रक्कम साठली की तीन महिन्यांनी उचलून बँकेत टाका.

ए-१०१ ताई: शेवटचं विचारते काका. पगार ७ ला होतो. आरडी ५ ला लावली तर?

बी-२०३ काका: ५ ला खात्यात काही नसतं, त्या दिवशी हप्ता जाणार नाही. ९ ला लावा, मध्ये रविवार आला तरी दोन दिवस हातात राहतात. पण १० च्या पुढं नेऊ नका, तोवर पगार पांगतो.

सेक्रेटरी: मेंटेनन्सची तारीख पण १० आहे. तोही त्याच यादीत धरावा ही विनंती 🙏