धातूच्या जुन्या मिनिएचर्सवर पांढरी भुकटी : रंग काढावा की ठेवावा?

पेठकर :
माझे मामा १९८० च्या दशकात नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला होते. टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचा छंद त्यांना तिथे लागला आणि परतताना त्यांनी धातूच्या पन्नास-साठ मिनिएचर्स, म्हणजे या खेळातल्या सैनिकांच्या छोट्या मूर्ती, सोबत आणल्या. सदाशिव पेठेतल्या सागवानी कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापसात गुंडाळून ठेवलेला हा संग्रह घराच्या पुनर्विकासाच्या वेळी माझ्याकडे आला आहे. बहुतेक मूर्तींवर इनॅमल रंगाचे इतके जाड थर आहेत की चिलखताच्या कड्या दिसेनाशा झाल्या आहेत. काहींच्या घोट्यांपाशी आणि ढालींच्या मागे पांढरट राखाडी भुकटी धरली आहे. एका भालाईताचा भाला मनगटापाशी तुटला आहे. पायांखालच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव आणि १९८५ ते १९८७ मधली वर्षे वाचता येतात. ही भुकटी कशाची असावी, रंग काढावा का आणि कसा, आणि पुण्यातल्या पावसाळ्यात हे काम हाती घ्यावे की नाही, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मामा आता पंचाहत्तरीचे आहेत. दिवाळीपर्यंत निदान एक तुकडी तरी नीट करून त्यांच्या हाती द्यावी, अशी मनापासून इच्छा आहे.

ओतकाम :
रंगाचा विचार नंतर करू, आधी धातूकडे पाहू. त्या काळातल्या मिनिएचर्स बहुधा शिसे, कथील आणि थोडे अँटिमनी यांच्या मिश्रधातूत ओतल्या जात. शिसेविरहित धातू नव्वदच्या दशकात रूढ झाला. न्यूयॉर्क राज्यात शिशावर बंदी येण्याच्या हालचाली सुरू झाल्यावर रॅल पार्था या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये तसा मिश्रधातू आणला होता. तुमच्या मूर्ती त्याआधीच्या असल्याने त्यांत शिसे आहे असेच धरून चालावे. खात्री करायची असेल, तर तळाचा उघडा धातू कोऱ्या कागदावर हलकेच घासून पाहावा. शिशाचे प्रमाण जास्त असेल, तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते.

ती भुकटी म्हणजे मुख्यतः शिशाचे कार्बोनेट आहे. लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ अगदी सूक्ष्म प्रमाणात सतत बाहेर पडत असते. बंद कपाटात ती साठते आणि दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या साथीने शिसे पोखरत जाते. पूर्वी रंगाऱ्यांचा शिशाचा सफेदा याच रासायनिक क्रियेने, शिशाच्या पत्र्यांना सिरक्याची वाफ देऊन, बनवला जात असे. म्हणजे तुमच्या कपाटात तीच क्रिया संथपणे चालू होती. ही भुकटी विषारी आहे, म्हणून ती कोरडी कधीही खरवडू नये. नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क घालावा, मूर्ती ओली करून नायलॉनच्या मऊ ब्रशने भुकटी काढावी, पुसलेले कागद पिशवीत बंद करून टाकावेत आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये. त्यानंतर मूर्ती लगेच पूर्ण वाळवाव्यात. जिथे खड्डे पडले आहेत, तिथला गेलेला धातू परत येत नाही. ते पुटीने भरावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मूर्ती आजच त्या खोक्यांतून काढून झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

बोहरीआळी :
रंग काढायला ॲसिटोन उत्तम. ते रसायनांच्या दुकानांत मिळते. काचेच्या बरणीत मूर्ती बुडवून झाकण लावावे आणि काही तासांनी जुन्या टूथब्रशने घासावे. रंग सालीसारखा सुटून येतो आणि चिलखताची एकेक कडी मोकळी होते. मात्र तळाची बैठक प्लास्टिकची असेल, तर ती आधी काढून घ्यावी, कारण ॲसिटोनमध्ये ती विरघळते. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास गॅस किंवा देवाजवळचा दिवा पेटता नसावा. धातूचा काळेपणा घालवायचा असेल, तर पितळी भांड्यांसारखे चिंच-मीठ किंवा व्हिनेगर लावून पाहता येईल.

ओतकाम :
ॲसिटोनबद्दल पूर्ण सहमत आहे, परंतु शेवटच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. जे आम्ल या मूर्ती पोखरते आहे, तेच व्हिनेगरमध्ये असते. चिंच आणि लिंबूही शिशाला लावू नयेत. पितळेला जे मानवते, ते शिशाला मानवत नाही. शिवाय रंगाखाली तो काळेपणा दिसणारही नाही. याच कारणासाठी बैठकीवर वाळू चिकटवताना लाकडासाठीचा पांढरा गोंद वापरू नये. वाळल्यानंतरही त्यातून ॲसेटिक आम्ल सुटत राहते.

कुंचला :
भाला जोडताना नुसत्या सुपरग्लूवर विसंबू नये, तो सांधा हाताळताना पुन्हा सुटतो. मनगटात आणि भाल्याच्या तुटक्या टोकात हातड्रिलने साधारण ०.८ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात पितळी तारेची खीळ बसवावी आणि मग चिकटवावे. शिशाचा मऊ कीस ड्रिलच्या पात्यात अडकतो, म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पाते बाहेर काढून ओल्या कागदाने पुसावे. फट भरायला दोन भागांची इपॉक्सी पुटी चालते. एम-सील स्वस्त आणि मजबूत आहे, पण ते लवकर आवळते आणि बारीक नक्षी धरत नाही. ते बैठकीपुरते ठेवावे.

पावसाळ्यात भुकटी काढणे, रंग उतरवणे आणि जोडकाम खुशाल करावे. फक्त स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, ऑक्टोबरपर्यंत लांबवावा, कारण दमट हवेत त्याचा थर खरखरीत बसतो आणि मॅट वार्निशवर तर पांढरी साय धरते. घाई असेलच, तर ब्रशने लावायचा प्रायमर पातळ करून दोन हातांत द्यावा. पुढे पाण्यातले ॲक्रिलिक रंग पातळ थरांत लावावेत आणि कड्यांमध्ये गडद तपकिरी रंगाचे पाणी सोडून उंचवटे कोरड्या ब्रशने उजळावेत. शेवटी वार्निश हवेच, कारण ते रंग जपते आणि हातांचा शिशाशी थेट संपर्कही टाळते.

एक विनंती आहे. सरसकट सगळे रंग काढू नका. जिथे मामांचे रंगकाम शाबूत आहे आणि खाली भुकटी नाही, त्या मूर्ती मऊ ओल्या ब्रशने पुसून तशाच ठेवाव्यात. धातू पुन्हा कधीही रंगवता येईल, त्यांच्या हातचा रंग मात्र एकदा गेला की गेला.

पेठकर :
सर्वांचे मनापासून आभार. आज मूर्ती डब्यांत हलवल्या. आता एकाच मूर्तीवर निर्णय अडला आहे. पिवळ्या झग्याच्या सेनापतीचा चेहरा मामांनी फार सुरेख रंगवला आहे, डोळ्यांच्या बाहुल्याही दिसतात, पण डाव्या पायावर भुकटी आहे. त्याचे काय करावे?

कुंचला :
त्याला बरणीत बुडवू नका. कापसाची काडी ॲसिटोनमध्ये भिजवून, निथळून, फक्त गुडघ्याखालचा रंग काढा आणि काडी वारंवार बदला. भुकटी साफ करून पाय वाळला की तेवढ्याच भागाला ब्रशने प्रायमर द्या. झग्याच्या खालच्या काठाशी जुना आणि नवा रंग जुळवा. तिथे सावली पडत असल्याने सांधा सहज लपेल.

ओतकाम :
त्याचा पाय आधी भिंगाखाली पाहा. रंगाला फुगवटे आले असतील, तर भुकटी आत पसरली आहे असे समजा आणि फुगवटा संपेपर्यंत रंग काढा. दिवाळीत मामांना तुकडी द्याल, तेव्हा ती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत द्या. घरातल्या मुलांच्या किल्ल्यावर मावळ्यांमध्ये या मूर्ती मांडू देऊ नका, आणि हाताळल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.