टर्बो गेला तर नुसता कोअर बदलावा की अख्खा टर्बो?

पानादहाबारा: टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टला खेळ आला की "अख्खा टर्बो बदला" हा सल्ला सरसकट दिला जातो. मला पटत नाही. झिजतात ती बेअरिंगं आणि शाफ्ट, ती कोअरमध्येच, म्हणजे दोन हाउसिंगमधल्या गाभ्यात, येतात. टर्बाइन (एक्झॉस्टच्या बाजूच्या) हाउसिंगला तडा नसेल, कॉम्प्रेसर (हवेच्या बाजूच्या) हाउसिंगला पंखा घासलेला नसेल, तर बॅलन्स केलेला कोअर टाका. पैसे बरेच वाचतात.

वेनवाला: वेस्टगेटवाल्या (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप असलेल्या) साध्या टर्बोपुरतं ठीक. व्हीजीटीचं, म्हणजे एक्झॉस्टची वाट कमीजास्त करणाऱ्या हलत्या पात्यांच्या (वेन्सच्या) टर्बोचं काय? वेन्सच्या रिंगवर काजळी बसून त्या अडकतात, खाचा झिजतात. वर वेन्स किती मिटाव्यात हे ठरवणारा स्टॉप स्क्रू फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) लावावा लागतो. अंदाजाने पिळला की बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमीजास्त होतो आणि गाडी ऐन घाटात लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद आपोआप कमी.

पानादहाबारा: मग स्क्रूला हात लावतंच कोण? हाउसिंग उघडण्याआधी खुणा करा, वेन्स साफ करा, खुणेवर बसवा.

वेनवाला: झिजलेली खाच साफ करून भरून येत नाही हो.

तेलकट: दोघंही मूळ दुखणं सोडून भांडताय. लाख-दीड लाख आरपीएमचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल का कमी पडलं हे शोधलं नाही, तर कोअर काय नि नवा टर्बो काय, दोन्ही जाणार. टर्बोला तेल आणणारा फीड पाइप आतून कार्बनने अरुंद होतो. तो धूत बसू नका, नवाच घाला. पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टातली जाळी बघा. तेलाच्या फ्लँजला सिलिकॉन अजिबात नको, गॅस्केटच. सिलिकॉनचा तुकडा सुटून तेलाची वाट अडवतो. ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबला असेल तर क्रँककेसच्या, म्हणजे त्या पोटातल्या, दाबामुळे टर्बोतलं तेल खाली उतरत नाही आणि धड सीलमधूनही निळा धूर येतो. त्यात बिचारा नवा टर्बो बदनाम! इंटरकूलरमध्ये (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये) साचलेलं तेलही काढा. नाहीतर डिझेल इंजिन तेच पिऊन किल्ली काढल्यावरही पळत सुटतं.

पानादहाबारा: हे सगळं मान्य. बसवताना फीडच्या भोकातून तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवा, इंजेक्टरचे कनेक्टर काढून तेलाचा दाब येईपर्यंत नुसतं क्रँक करा, म्हणजे इंजिन सुरू न होता स्टार्टरने फिरवा. मग दोन-तीन मिनिटं आयडल, रेस नाही. पण कोअरवरचं माझं मत तेच.

वेनवाला: बॅलन्सिंगचा कागद मिळाला तरच. आणि व्हीजीटीत तरीही नाही.