ला एन : द्वेष, तिडीक की खदखद?

आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात 'ला एन' दाखवायचं ठरलंय. मात्यू कासोविट्झचा, १९९५ चा, कृष्णधवल. मराठी सबटायटल्सचं काम हौसेने अंगावर घेतलं आणि नावाच्या पाटीवरच अडकले. कोशात 'एन' म्हणजे द्वेष (लिहिताना आधी एच आहे, बोलताना नाही). इंग्रजीवाले 'हेट' लिहून मोकळे झालेत. मी मात्र 'द्वेष' टंकते आणि खोडते.

द्वेष म्हटलं की 'कुणाचा?' हा प्रश्न लगेच येतो. शिवाय आपल्याकडे द्वेष हा जरा थंड, जपून ठेवायचा प्रकार, भाऊबंदकीतला, ऑफिसातला. ही पोरं ज्या फ्रेंचमध्ये बोलतात त्यात 'झे ला एन' म्हणतात. आपण 'मला ताप आहे' म्हणतो तसं, मला एन आहे. कुणाबद्दल ते सांगायची गरजच नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पॅरिसबाहेरच्या सरकारी इमारतींत राहणारे तीन मित्र. विन्झ ज्यू, उबेर कृष्णवर्णीय, सईद अरब. (नावं तिन्ही नटांच्याच नावांवरून घेतलीत.) त्यांच्या ओळखीच्या एका पोराला पोलिसांनी कोठडीत इतकं मारलंय की तो इस्पितळात आहे, त्यावरून रात्री दंगल झालीय, आणि दंगलीत हरवलेलं पोलिसाचं पिस्तूल विन्झला सापडलंय. सकाळी १०:३८ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ६:०१. पडद्यावर मधूनमधून घड्याळाचे आकडे येतात आणि पोरं नुसती भटकतात. गोष्ट हवेतून आलेली नाही. एप्रिल १९९३ मध्ये पॅरिसच्या १८ व्या विभागात, ठाण्यात चौकशी चालू असताना पोलिसाच्या पिस्तुलातली गोळी लागून १७ वर्षांचा मुलगा मेला होता.

माझं मत सध्या 'तिडीक'ला. डोक्यात तिडीक जाते तेव्हा ती कुणाची, असं कुणी विचारत नाही. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १

ताई, तिडीक घटकाभराची असते हो. गेली डोक्यात, चार शब्द बोलून झाले, चहा आला की उतरली. इथे एकोणीस-वीस तास काढायचेत. 'खदखद' बघा. तिलाही 'कुणाची' लागत नाही, आणि झाकणाखाली चालू राहते.

प्रतिसाद २

खदखद वाचलं की मला तिकीट न मिळालेले इच्छुक दिसतात. 'जागावाटपावरून पक्षात खदखद'. पेपरवाल्यांनी त्या शब्दाचा पार चोथा केलाय. त्यापेक्षा 'खुन्नस' घ्या, पोरांच्या तोंडचा आहे.

धागालेखिका

खुन्नस द्यायला समोर माणूस हवा, नजरेला नजर हवी. म्हणजे पुन्हा 'कुणाशी' आलंच. सिनेमात ती एका ठिकाणी चपखल बसेल: विन्झ न्हाणीघरात आरशासमोर उभा राहून बोटांचं पिस्तूल करतो आणि स्वतःलाच धमकावतो तिथे. समोर कुणी नाही म्हणून आरशाला खुन्नस! नावासाठी मात्र नको.

प्रतिसाद ३

पॅरिसपासून गाडीने पाऊण तासावर राहतो, म्हणून थोडं. नावाचं होईल काहीतरी, पण 'बाँल्यू' आला की काय लिहिणार? कोश बघून 'उपनगर' लिहू नका, कळकळीची विनंती. उपनगर म्हटलं की मराठी माणसाला पार्ले, मुलुंड, सोसायटीचा गणपती दिसतो.

मूळ शब्द सरंजामी काळातला आहे. 'बाँ' म्हणजे धन्याचा हुकूम, 'ल्यू' म्हणजे कोस. शहराभोवतीचा कोसभर मुलूख, जिथवर शहराच्या धन्याची हुकमत चालते तो. 'हाकलून दिलेल्यांची जागा' अशीही व्युत्पत्ती कानावर येते. ती चुकीची आहे, पण लोकांना का पटते ते इथल्या लोकलमध्ये बसलं की समजतं. नकाशावर व्हर्सायसुद्धा बाँल्यूच, तिथे राजवाडा आहे. पण अनेकवचनात 'ले बाँल्यू' म्हटलं की अर्थ एकच: गरीब, स्थलांतरितांच्या पोराबाळांनी भरलेली, पोलिसांची गाडी फिरत असलेली वस्ती.

'झोपडपट्टी'ही चालणार नाही. या इमारती दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने घरांची टंचाई संपवायला बांधल्या, नळ-वीज-न्हाणीघरासकट. त्यांना 'सिते' म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: वसाहत. म्हाडा वसाहत म्हणतो तीच. चित्रीकरण झालं ते गाव शांतलू-ले-विन्य. नावात द्राक्षमळे आहेत, पडद्यावर काँक्रीट.

धागालेखिका

वसाहत घेतला, आभार! आता दोन जागा सांगते, एकीवर रडले आणि एकीवर नाचले.

रडले ती: टीव्हीवाले वसाहतीत येतात. बाई गाडीतूनच खाली बसलेल्या पोरांना विचारते, काल तुम्ही दंगलीत होतात का. कॅमेरा वरून खाली बघतो. या कोनाला फ्रेंचमध्ये 'प्लाँझे' म्हणतात, म्हणजे बुडी, सूर. उबेर चिडून म्हणतो, हे काय त्वारी आहे का? त्वारी हे पॅरिसजवळचं गाडीत बसून बघायचं प्राणिसंग्रहालय. मी आधी 'राणीची बाग आहे का' लिहिलं. पण राणीच्या बागेत आपण चालत जातो, शेंगदाणे खात. इथे मुद्दा गाडीचा आहे. बघणारा काचेआड, खाली उतरायला तयार नाही. शेवटी 'सफारीला आलात काय? उतरा की गाडीतून!' केलं. बोरिवलीची जाळीवाली बस आठवली म्हणून सुचलं.

नाचले ती: पॅरिसमध्ये सईद एका पोलिसाला रस्ता विचारतो. परत येऊन थक्क होऊन सांगतो, इथले पोलीस काय सभ्य आहेत, मला 'वू' म्हणाला! इंग्रजीत 'यू' एकच, त्यांना इथे काहीतरी बनवावं लागतं. आपल्याला काही करावं लागत नाही: 'अहो-जाहो केलं रे मला!' वसाहतीत पोलीस अरे-तुरेवर येतात, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायला नको. फ्रान्समध्ये हा जुना सल आहे. तिथल्या पोलिसांसाठी २०१४ पासून लागू झालेल्या आचारसंहितेत लोकांशी 'वू' वापरूनच बोलावं असं कलम घातलंय.

प्रतिसाद १

आणि पोलिसाला पोरं काय म्हणतात?

धागालेखिका

'कफ'. 'फ्लिक' म्हणजे पोलीस, त्याची अक्षरं मागेपुढे करून. या उलट्या बोलीला व्हेर्लां म्हणतात. 'अराब'चं 'बर' तसंच झालं. लहानपणीची 'च'ची भाषा आठवा: 'चलाम चणीपा चदे'. फरक इतकाच की आपण शाळा सुटल्यावर ती विसरलो, त्यांची कोशात गेली. 'पांडू' लिहिलंय. 'मामा'त फार माया आहे.

प्रतिसाद ४

शब्दांवर इतका खल चाललाय म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूने बोलतो (मी कॅमेरा असिस्टंट आहे, भाषेतलं कळत नाही). वसाहतीतला भाग बघा. वाइड लेन्स, कॅमेरा पोरांच्या पाठीमागे चालत जातो, शॉट लांबलचक, आणि मागची इमारत, खिडकी, जिना सगळं स्वच्छ दिसतं. माणूस आणि वस्ती एकाच चौकटीत. पॅरिसला गेल्यावर टेली लेन्स. पोरं तेवढी स्वच्छ, शहर मागे पुसट.

दोन्हींच्या मध्ये एक शॉट आहे, आम्ही सेटवर डॉली झूम म्हणतो तो. ट्रॉली मागे घ्यायची आणि त्याच वेळी झूम आत न्यायचा. कठड्याशी उभी पोरं तेवढीच राहतात, पाठीमागचं पॅरिस फुगत अंगावर येतं आणि धूसर होतं. फोकस ओढणाऱ्याचे त्यात हाल होतात, तो भाग वेगळा.

वरून दिसणं म्हणजे नेहमी सत्ताच असंही नाही. एक डीजे खिडकीत स्पीकर लावतो आणि कॅमेरा त्या आवाजासोबत वसाहतीवरून उडत जातो. ड्रोन नव्हते तेव्हा, रिमोटवरच्या छोट्या हेलिकॉप्टरचं काम. २०१९ च्या 'ले मिझेराब्ल' सिनेमात दिग्दर्शक लाज ली यांनी ड्रोन थेट वस्तीतल्या पोराच्याच हातात दिला, आणि त्यात टिपले जातात पोलीस.

सांगायचं म्हणजे, 'तिडीक' हा टेली लेन्सचा शब्द वाटतो. एकाच डोक्यातली. 'खदखद' वाइड आहे, अख्ख्या पातेल्याची.

प्रतिसाद २

हे पटलं. इच्छुकांना माफ केलं.

धागालेखिका

दादा, भाषेतलं कळत नाही म्हणता आणि धागा तुम्हीच सोडवलात! नाव 'खदखद', आणि विन्झच्या तोंडी 'तिडीक गेलीय डोक्यात' ठेवते. दोन्ही राहतील.

एक शेवटची अडचण. रस्त्यावर मोठी जाहिरात आहे, 'जग तुमचं आहे' अशा अर्थाची. सईद स्प्रेचा डबा काढतो आणि 'वू'चा व्ही खोडून एन करतो, झालं 'नू'. एकाच अक्षराचं काम. मराठीत नशिबाने 'तुमचं'चा 'तु' जाऊन 'आ' आला की 'आमचं' होतं, तेही एकच अक्षर. पण फ्रेंच 'नू'त आमचं आणि आपलं दोन्ही बसतं. सईद जाहिरातवाल्यांना धरून बोलतोय की वगळून?

प्रतिसाद ३

वगळूनच. ते स्टेशनवर शेवटची गाडी चुकवून बसलेत, ताई. 'आपलं' कोण म्हणेल?

प्रतिसाद १

आणि 'आपलं'साठी डब्यातला रंग पुरायचा नाही.